चिंगीसाठी स्थळ

पिंट्या गेला त्या दिवशी आमच्या घरात दोघींनी अन्न सोडलं. एक चिंगी आणि दुसरी माझी मुलगी प्रज्ञा. चिंगी ही गिनीपिग होती आणि प्रज्ञा दहावीला होती, त्यामुळे काळजीचं कारण दोन्हीकडे सारखंच मोठं होतं.

गिनीपिग म्हणजे काय, हे सांगायला मी नाखूश आहे. एक्क्याण्णव सालच्या श्रीरामपुरात मी तेवढं एकच काम केलं. उंदराहून मोठं, सशाहून लहान, शेपूट नाही, आणि भाजीची पिशवी वाजली की शिट्टी मारल्यासारखं ओरडायचं. आमच्या शेजारच्या मोनिका सिस्टर दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्याकडे कुठूनशी आलेली ही पिंट्या-चिंगीची जोडी त्यांनी प्रज्ञाला वाढदिवसाला दिली, आणि मी "राहू दे आठ दिवस" म्हणालो. सरकारी क्वार्टरमध्ये आठ दिवस म्हणून आलेली कुठलीही गोष्ट परत गेल्याचं मला आठवत नाही.

पिंट्या गेल्यावर चिंगी लाकडी खोक्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसली. लसूणघास आणला, कोथिंबीर आणली, पेरूची पानं आणली. ती ढुंकून बघेना. मी कचेरीतून रजा काढली आणि तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

केसपेपरच्या खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी?"

"यातलं काहीच नाही."

"मग केसपेपर निघणार नाही."

मी स्वतः हेडक्लार्क. रकाना नसलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण खिडकीच्या आत बसून जे वाक्य फार सुबक वाटतं, ते बाहेर उभं राहून तितकंसं सुबक वाटत नाही. बरीच हुज्जत घातल्यावर चिंगीची नोंद 'शेळी, लहान' अशी झाली. पुढचा रकाना होता 'दूध किती देते'. बाबूनं शून्य लिहिलं आणि असलं जनावर पाळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर भले होते. त्यांनी चिंगीला उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मादी आहे. आजार काही नाही. एकटी पडलीय बिचारी. ही जनावरं एकटी राहत नाहीत. जोडीला दुसरं आणा, नाहीतर झुरून जाईल."

'झुरून जाईल' हे दोन शब्द त्यांनी प्रज्ञाच्या समोर उच्चारायला नको होते. त्या संध्याकाळी तिनं भूमितीचं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पप्पा, तिच्यासाठी कोणीतरी शोधा. तोवर माझं डोकं चालणार नाही." जयमाला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, शोधा काहीतरी." आमच्या घरात 'शोधा' हे क्रियापद नेहमी मलाच लागतं.

इथं सहादेवराव कथेत शिरले. ते माझ्याच कचेरीत, समोरच्याच क्वार्टरमध्ये, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात त्यांचा सल्ला जास्त ठाम. ते म्हणाले, "भाऊसाहेब, सोपं आहे. आरसा ठेवा. तिला वाटेल दुसरी आली." मी माझा दाढीचा आरसा खोक्यात ठेवला. चिंगीनं त्यात एकदा पाहिलं आणि आरशाकडे पाठ केली. मी मात्र तो आठवडा अंदाजानं दाढी केली आणि हनुवटीला पट्टी लावून कचेरीत गेलो. मग ते म्हणाले, कोंबडीचं पिल्लू ठेवा. पिल्लू चिंगीच्या पाठीवर चढून झोपलं आणि चिंगीचं तोंड आणखी उतरलं. मोनिका सिस्टरांनी दवाखान्यात चौकशी केली, पण ज्यांनी जोडी दिली होती तेच गाव सोडून गेले होते.

शेवटी सहादेवराव म्हणाले, "पेपरात जाहिरात द्या."

गावात एक साप्ताहिक निघायचं. आता ते बंद पडलं आहे आणि मला त्याचं दुःख नाही. त्याच्या संपादकांनी माझा मजकूर वाचला आणि म्हणाले, "आमच्याकडे सदरं दोनच. 'हरवले-सापडले' आणि 'वधू-वर'. यातलं कुठलं?" मी म्हणालो, हरवलेलं तर काही नाही. "मग झालं तर," असं म्हणून त्यांनी कागद छपाईचे खिळे जुळवणाऱ्याकडे दिला. त्या सद्गृहस्थांना 'वय दीड वर्ष' ही माझी चूक वाटली असावी. त्यांनी ती परस्पर सुधारली. रविवारी अंक आला:

'वर पाहिजे. मुलगी, जात गिनीपिग, वय साडेअठरा वर्षे, रंग तांबूस-पांढरा, वजन पाऊण किलो, स्वभाव शांत, पालेभाजी आवडते. मुलाकडच्यांनी समक्ष भेटावे. महेंद्र जगधने, सरकारी वसाहत, श्रीरामपूर.'

वजन पाऊण किलो, हे वाचून कुणालाही काही खटकलं नाही. लग्नाच्या जाहिरातीत लोक वय आणि पत्ता बघतात. सोमवारी कचेरीत गेलो तर सगळी माणसं टेबलावर मान घालून काम करताना दिसली. आमच्या कचेरीत हे फार वाईट लक्षण. साहेबांनी आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"जगधने, मुलगी दहावीत ना तुमची? आणि पेपरात साडेअठरा छापता? शिकलेली माणसं आपण. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उंदराचं लग्न?" त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की पहिला गैरसमजच बरा होता. बाहेर आलो तर आमच्या शिपायानं हळूच विचारलं, "भाऊसाहेब, ही पोटजात कुठली? विदर्भाकडची काय?"

घरीही माणसं यायला लागली. एकजण ससा घेऊन आला. एकानं पिंजऱ्यात धरलेली घूस आणली आणि "वजनानं जास्तच भरंल" म्हणून भलामण केली. एक कुटुंब खरोखरच मुलगी बघायला आलं. जयमालानं त्यांना चहा दिला, मी खुलासा केला, आणि त्यांनी जाताना चिंगीकडे असं बघितलं की जणू तिनंच त्यांना फसवलं होतं. चिंगी मात्र जेमतेम एखादं पान कुरतडे आणि दिवसेंदिवस हलकी होत होती. प्रज्ञा तिला मांडीवर घेऊन पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायचं विसरायची. मला हसू येत नव्हतं, हे खरं सांगतो. त्या मुठीएवढ्या जिवाच्या मागे माझी पोर आत आत चालली होती.

अशात एक दिवस भर दुपारी कचेरीत एसटीचा ड्रायव्हर शिरला. गाडी स्टँडवर उभी करून आलेला, घाईत. सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "महेंद्र जगधने कोन? पाथर्डीहून निरोप हाय. मुलगा हाय म्हनं. यिऊन बघून जावा." आणि निघून गेला. उरलेली दुपार कचेरीत एकही फाईल हलली नाही.

निरोप होता भिमाजींचा. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. स्टँडवर भजी खाताना भज्याखालच्या कागदावर त्यांनी आमची जाहिरात वाचली होती, आणि सगळ्या तालुक्यात 'गिनीपिग' हा शब्द ओळखणारे बहुधा ते एकटेच होते.

बघायला जायचं ठरल्यावर सहादेवराव म्हणाले, "मोकळ्या हातानं जाऊ नका. मुलीचा फोटो न्या." मला हे पटायला नको होतं, पण पटलं. फोटोवाल्यानं चिंगीला कारंजं रंगवलेल्या पडद्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि सवयीनं म्हणाला, "मान जरा वर. लाजू नका." फोटो चांगला आला. माझ्या लग्नातल्या फोटोपेक्षा चांगला आला, असं जयमालाचं मत आहे.

रविवारी प्रज्ञा आणि मी नेवाशावरून, शेवगावला गाडी बदलून, पाथर्डीला पोचलो. दिवाळी होऊन गेली होती. भिमाजींच्या गल्लीत शिरलो तर दारोदार कुलपं. अंगणांत चुली थंड, एक म्हातारं कुत्रं तेवढं उन्हाला पडलेलं. गल्लीच्या टोकाला एकच दार उघडं होतं आणि दारात इस्त्रीचा खाकी शर्ट घालून भिमाजी उभे होते. आमच्यासाठी शर्ट घातला होता, हे लगेच कळत होतं.

"या. सगळी गल्ली तुमच्याकडंच गेलीया ऊस तोडाया," ते म्हणाले. "कोयतं घिऊन गेली की पाडव्याला परत. तवर मी आन ह्यो."

'ह्यो' म्हणजे सर्जा. काळाभोर, गुटगुटीत, भिमाजींच्या जुन्या खाकी शर्टाच्या बाहीत शिरून बसलेला. फक्त नाक बाहेर.

"पुण्याला पोरगं हाय माजं, आदिनाथ. कंपनीत. माजी मंडळी वारली तवा म्या म्हनलं, बाबा, दिवाळीला ये, करमत न्हाई. त्याला सुट्टी न्हाई गावली. त्यानं ह्यो पाठवला. सोबतीला म्हनून." त्यांनी सर्जाच्या नाकावर बोट फिरवलं. "पयल्यांदा लई राग आला. आता राग न्हाई."

मग चहा झाला, पोहे झाले, आणि बोलणी सुरू झाली. मी तीस-पस्तीस वर्षांत अनेक लग्नांची बोलणी ऐकली आहेत, पण मुलीचा बाप म्हणून घाम फुटतो म्हणजे काय, ते मला पाथर्डीत कळलं. घर सरकारी की स्वतःचं? नळाला पाणी किती येळ? मांजर हाय का? शेजारच्या क्वार्टरमध्ये मांजर हाय का? फोटो त्यांनी चष्मा पुसून पाहिला. "पोरगी नाकीडोळी बरी हाय. जरा वाळलेली वाटती."

"दुःखात आहे ती," प्रज्ञा म्हणाली.

सगळं जमत आलं आणि मुख्य प्रश्नावर गाडं अडलं. कोणी कुणाकडे जायचं? मी धरून चाललो होतो की सर्जाला आम्ही नेणार. भिमाजी ताठ झाले.

"म्हंजी घरजावई? माजा गडी घरजावई जायचा न्हाई. रीत काय हाय? पोरगी सासरी येती."

"चिंगी इथं येणार नाही," प्रज्ञा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पप्पा, ती मरेल."

भिमाजींनी माझ्या पोरीकडे बघितलं. मग त्या कुलूपबंद गल्लीकडे बघितलं. सर्जा गेला तर मागे काय उरणार, ते मलाही दिसत होतं. मी अकारण पोह्याची बशी पुसत बसलो.

"असं करू," ते शेवटी म्हणाले. "मी बी येतो. चार दिस. पोरगी कशी हाय, नांदती का, बघतो. न्हाई जमलं तर गडी घिऊन माघारी."

असा वरपक्ष आमच्याबरोबर निघाला. परतीच्या गाडीत कंडक्टरनं पिशवीतून आलेली शिट्टी ऐकली आणि तिकिटाचा खटका वाजवत विचारलं, "जनावर कुठलं हे? कोंबडीचं तिकीट आहे, शेळीचं आहे. याचं काय?" मी अनुभवानं शहाणा झालो होतो. म्हणालो, "शेळी लावा, लहान." भिमाजी भडकले. "आरं, शेळी कुनाला म्हनतो? नवरदेव हाय त्यो!" सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. तेवढ्यात ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि ओरडला, "भिमाजी? तुमी? फुडं या!" भिमाजी केबिनमध्ये, सर्जा इंजिनच्या उबदार झाकणावर, आणि मी मागे सगळ्यांच्या पायात, असे आम्ही शेवगावपर्यंत आलो. तिकीट मात्र मी शेळीचं काढलं होतं. सरकारी नोकरानं सरकारी तिकीट चुकवू नये.

घरी जयमालानं दारात भाकरतुकडा ओवाळला, तोही गमतीत नव्हे. मग नवरा-नवरी समोरासमोर आणली. मी मोठ्या आशेनं सर्जाला चिंगीच्या खोक्यात सोडलं.

महिनाभर मेल्यासारखी पडलेली चिंगी एका क्षणात उठली. तिनं दात कडकड वाजवले, केस फुलवले आणि सर्जाच्या अंगावर गेली. खोक्यात तांबूस आणि काळ्या केसांचे पुंजके उडाले. सर्जा कोपऱ्यात तोंड खुपसून किंचाळत राहिला. मी हात घातला तर दोघांनीही मलाच चावा घेतला. एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं पहिल्या दिवशी पटलं.

"ही शांत सोभावाची?" भिमाजींनी मला विचारलं. "पेपरात छापलं हुतं."

आता वसाहतीला काम मिळालं. सहादेवराव म्हणाले, दोघांना हळद लावा, वास एक होतो. लावली. दोन पिवळे गिनीपिग एकमेकांवर दात वाजवू लागले आणि माझा पांढरा शर्ट कायमचा गेला. मोनिका सिस्टरांनी मध्ये जाळी टाकून शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं. हे शहाणपणाचं होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, पण जागेअभावी तसंच झालं. सर्जा आपल्या खाकी शर्टात दडून राही, चिंगी जाळीपाशी येऊन त्याला धमकावून जाई. आणि हे मी फार उशिरा पाहिलं, पण धमकावून झालं की ती आपल्या वाटचा घास खाऊ लागली होती. भांडायला तरी ताकद लागतेच.

इकडे चार दिवस उलटले. भिमाजी वरपक्ष असल्यामुळे त्यांना माझी वेताची खुर्ची मिळाली. पहिलं ताट त्यांचं, सकाळचा पेपर त्यांचा, रेडिओ तर त्यांच्या हक्काचाच. ते मला 'इवाई' म्हणू लागले, म्हणजे व्याही, आणि तेही कचेरीच्या दारातून हाक मारून. माझ्याच घरात मी पाटावर बसून शिळा पेपर वाचत असे. तक्रार केली तर जयमाला म्हणे, "वरबाप आहेत. मान नको ठेवायला?" चिंगी नांदत नाही तोवर व्याही हलणार नव्हते. अधूनमधून ते सायकल घेऊन कारखान्याकडच्या थळावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुक्कामावर जात. तिथं पाचटाच्या खोपींत त्यांची सगळी गल्ली उतरलेली होती. परत येताना उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी आणत आणि फार खुशीत असत.

एक दिवस त्यांनी सर्जाचा शर्ट धुवायला काढला आणि ओट्यावर वाळत घातला. सर्जा जाळीमागे बेचैन झाला. प्रज्ञानं त्याला शर्टाजवळ सोडलं आणि मागे चिंगीलाही सोडलं, चुकून की मुद्दाम ते तिनं कधी सांगितलं नाही. ओटा कुणाचाच नव्हता. चिंगीचं खोकं नाही, सर्जाची पाथर्डी नाही. दोघं थबकली. भिमाजी आतून मेथीची जुडी घेऊन निवडायला येत होते. त्यांनी ती हळूच दोघांच्या मध्ये ठेवली आणि खाली बसले. मी श्वास रोखून दारात. चिंगीनं एका बाजूनं काडी ओढली. सर्जानं दुसऱ्या बाजूनं. दात वाजले, पण खाण्यासाठी. जुडी कमी कमी होत गेली आणि नाकाला नाक आलं. मग दोघंही वाळत्या शर्टाच्या बाहीत शिरली, मागून दोन ढुंगणं बाहेर.

प्रज्ञानं त्या दिवशी भूमितीचं एक अख्खं प्रकरण संपवलं. भिमाजींनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि ते मेथीनं चुरचुरले असं सांगितलं.

इथं गोष्ट संपली असती तर भिमाजी गेले असते आणि मला खुर्ची मिळाली असती. पण जयमालाला नातवंडांचे वेध लागले. महिना गेला, दुसरा गेला, हालचाल नाही. तेव्हा आम्ही दोघे व्याही मिळून पुन्हा दवाखान्यात गेलो. बाबूनं या वेळी न विचारता लिहिलं, 'शेळी, लहान' आणि 'बोकड, लहान'. डॉक्टरांनी सर्जाला उलटं केलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढला.

"दोन्ही माद्या आहेत."

"परत बगा," भिमाजी म्हणाले.

"किती वेळा बघू? ही मुलगी आहे, बाबा."

बाबूनं 'बोकड' खोडलं. घरी आल्यावर भिमाजी खुर्चीत बसले नाहीत, उंबऱ्यावर बसले. रेडिओ लावला नाही. जयमालानं पहिलं ताट वाढलं तर ते माझ्याकडे सरकवलं. माझी खुर्ची मला परत मिळाली होती आणि मला तिच्यात बसवेना.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. खाकी शर्टात सर्जाला गुंडाळलं.

"जातो. कशाचा वरबाप आन कशाचं काय. तुमचं लई खाल्लं म्या. आता कोनत्या नात्यानं ऱ्हाऊ?"

आत खोक्यातून चिंगीनं शिट्टी मारली. शर्टातून सर्जानं उत्तर दिलं. पुन्हा चिंगी, पुन्हा सर्जा. भिमाजींचे पाय दारातच थांबले, पण मान वर होईना. मला बोलायचं होतं. 'राहा हो' एवढं साधं वाक्य, पण हेडक्लार्कला तोंडी निर्णय द्यायची सवय नसते.

प्रज्ञा मध्ये आली. "आबा, मुलगा सासरी निघाला तर त्याच्याबरोबर पाठराखीण देतात का?"

"न्हाई. पोरीबरं देत्यात."

"का?"

"नव्या घरात तिला एकटं वाटू नये म्हनून."

"मग सर्जा मुलगी निघाली ना? मुलगी आपलं घर सोडून इथं आली. आता तर तिला पाठराखीण पाहिजेच. इतके दिवस तुम्ही उगाच आला होता. खरं काम आता आहे."

भिमाजींनी पिशवी खाली टेकवली. जयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि पाठराखिणीचा मान वरबापापेक्षा कमी नसतो म्हटलं. पोहे केलेत, बसा." मी वेताची खुर्ची उचलून त्यांच्या मागे नेऊन ठेवली. आयुष्यात मी काही बरी कामं केली असतील, तर त्यात ते एक धरावं.

पाडव्याला हंगाम संपला तेव्हा ते गल्लीबरोबर उसाच्या ट्रकमधून पाथर्डीला गेले. जयमालानं टॉवेल-टोपी दिली. सर्जाला त्यांनी चिंगीपाशी ठेवलं, शर्टही ठेवला, आणि चिंगीचा कारंज्याचा फोटो मागून घेतला. "मला आता गल्ली हाय," म्हणाले. प्रज्ञा दहावी पास झाली, त्याचे पेढे मी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवले. पुढे दर वर्षी दिवाळी झाली, गल्लीला कुलपं लागली, की भिमाजी पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. "पाठराखीन आली रं," असं फाटकातूनच ओरडत. सर्जा आधी गेली, चिंगी तिच्यामागे थोड्याच दिवसांनी. दोघी एकाच पेरूच्या झाडाखाली आहेत. त्या वर्षी भिमाजी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. कुणी कारण विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली प्रज्ञाचं लग्न झालं. मुलगा जामखेडचा, शिक्षक. या वेळी मी पेपरात काहीही दिलं नव्हतं. त्रिशरण झालं, जेवणं झाली, आणि निघायच्या वेळी गोंधळ उडाला. पाठराखीण म्हणून जायची ती माझी बहीण गुडघे धरून बसली. जयमालाची भाची परीक्षा सांगू लागली. जीप सुरू होती. प्रज्ञा आत एकटीच बसली होती, शिकलेली, नोकरीला लागलेली, आणि काचेतून आमच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अगदी चिंगीसारखं काहीतरी होतं.

गर्दीतून भिमाजी पुढे आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात पिशवी. जीपचं दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आबा, पाठराखीण बाई असते," मुलाकडचं कोणीतरी हसून म्हणालं.

"ठाव हाय. मला ह्या पोरीनं पाठराखीन केली तवा तिनं इचारलं न्हाई. आता हिची मी. चला, गाडी काढा. आन सावकाश चालव रं, ब्रेक दाबत नगं जाऊ."

जीप धुरळा उडवत गेली. चौथ्या दिवशी मोनिका सिस्टरांकडे फोन आला. प्रज्ञाचा आवाज स्वच्छ, हसता. "पप्पा, मी मजेत आहे. आबा चार दिवसांचं बोलून आलेत, पण इकडच्यांनी त्यांना आरामखुर्ची दिलीय. रेडिओसुद्धा. सासरे पाटावर बसून शिळा पेपर वाचतात."

मी हसत घरी आलो. ओट्यावर माझी वेताची खुर्ची रिकामी होती, आजचा पेपर घडीसुद्धा न मोडलेला. ऐन हंगामात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी तिच्यात ऐसपैस बसलो. घरात कुठेही काही वाजत नव्हतं. पेपर उघडला आणि एक ओळ वाचून मिटला. मला करमेना. भिंतीकडे तोंड करून मी किती वेळ बसलो होतो, मला ठाऊक नाही.

जयमाला बाहेर आली. तिनं मेथीची जुडी आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, समोर बसली आणि एका बाजूनं निवडायला लागली. थोड्या वेळानं मी दुसऱ्या बाजूनं काडी ओढली.